न्यूट्रॉनबहुल अणुकेंद्रकांच्या उत्तेजित अवस्था: अभ्यासाची सुरुवात एका जोडीपासून

एमएस्सीचा प्रकल्प असो नाहीतर पीएचडीचं पहिलं वर्ष, गाइडने 'न्यूट्रॉनबहुल केंद्रकांची रचना' हा विषय दिला की बहुतेक जण आधी शोधनिबंधांचा ढीग डाउनलोड करतात. नवे जादुई अंक (प्रोटॉनच्या किंवा न्यूट्रॉनच्या ज्या संख्येला केंद्रकातलं एक कवच पूर्ण भरतं), हॅलो केंद्रकं, उलटापालटीचं बेट, सगळं एकदम वाचायला घेतात आणि महिन्याभराने हाती काहीच लागलेलं नसतं. मी नव्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, आधी एकच जोडी घ्या: झर्कोनियम-१०० आणि टेल्युरियम-१३४.

युरेनियम-२३५ च्या केंद्रकाने एक मंद न्यूट्रॉन गिळला की २३६ वस्तुमानांकाचं केंद्रक बनतं आणि लगेच फुटतं. फुटण्याच्या अनेक वाटांपैकी एका वाटेने ही दोघं आणि दोन सुटे न्यूट्रॉन बाहेर पडतात. १०० + १३४ + २ = २३६. प्रोटॉन मोजा: ४० + ५२ = ९२. हिशेब चोख जुळतो. निसर्गात सापडणारा सर्वांत जड झर्कोनियम ९६ चा आणि टेल्युरियम १३० चा, म्हणजे दोघंही स्थैर्याच्या पलीकडची. त्यातलं एक जवळपास गोल आहे, दुसरं चांगलंच लांबट. विषयाची निम्मी ओळख या दोघांतच होते.

पायरी १: आकडे वाचायला शिका

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. अमेरिकेतल्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेचं न्यूडॅट हे संकेतस्थळ उघडा. ते मोफत आहे. एखाद्या केंद्रकावर क्लिक केलं की त्याची लेव्हल स्कीम समोर येते: खाली तळ अवस्था, वर एकेक उत्तेजित अवस्था, प्रत्येकीशेजारी ऊर्जा, स्पिन, पॅरिटी (आरशातल्या प्रतिबिंबाशी असलेली सममिती, + किंवा -) आणि माहीत असेल तर अर्धायुष्य. ऊर्जा किलो इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये असते. इथून पुढे केईव्ही.

ज्या केंद्रकात प्रोटॉनही सम आणि न्यूट्रॉनही सम, त्याची तळ अवस्था ०+ (आकडा स्पिनचा, चिन्ह पॅरिटीचं) असते आणि पहिली उत्तेजित अवस्था बहुधा २+. या पहिल्या २+ ची ऊर्जा हा तुमचा पहिला आकडा. ती मोठी असेल तर केंद्रक ताठ आहे, कवच भरलेलं आहे. लहान असेल तर केंद्रक विरूपित आहे, म्हणजे गोल नाही, आणि फिरायला त्याला फारशी ऊर्जा लागत नाही. दुसरा आकडा म्हणजे ४+ च्या ऊर्जेला २+ च्या ऊर्जेने भागून येणारं गुणोत्तर. नुसतं कंपन करणाऱ्या आदर्श केंद्रकाला ते २ येतं, ताठ लांबट केंद्रक फिरत असेल तर ३.३३, आणि भरलेल्या कवचाजवळ ते २ च्याही खाली जातं.

आता झर्कोनियमच्या सम समस्थानिकांची पहिली २+ ऊर्जा वहीत ओळीने लिहा. ९० ला २१८६ केईव्ही, ९२ ला ९३५, ९४ ला ९१९, ९६ ला १७५१, ९८ ला १२२३, १०० ला २१२.५, १०२ ला १५२. आलेख हाताने काढा, मुद्दाम हाताने. ९० ला शिखर दिसेल, कारण तिथे ५० न्यूट्रॉनचं कवच भरतं. ९६ ला एक छोटा उंचवटा आहे, तिथे ५६ न्यूट्रॉनशी एक उपकवच भरतं. आणि ९८ वरून १०० वर जाताना कडा कोसळावा तसा आलेख पडतो. फक्त दोन न्यूट्रॉन वाढले आणि ऊर्जा सहापटीने खाली आली. गुणोत्तर काढा: झर्कोनियम-१०० मध्ये ४+ आहे ५६४.५ वर, म्हणजे २.६६. झर्कोनियम-१०२ ला ते ३.१५ होतं. ६० न्यूट्रॉनशी केंद्रकाचा आकार एकाएकी बदलतो, तो असा दोन आकड्यांत दिसतो. वस्तुमानांक १०० च्या आसपासचा हा विरूपित प्रदेश १९७० साली बर्कलीच्या गटाने कॅलिफोर्नियम-२५२ च्या तुकड्यांमधून निघणारे गॅमा किरण मोजून दाखवला होता.

झर्कोनियम-१०० च्या स्कीममध्ये ३३१ केईव्हीवर आणखी एक ०+ दिसेल, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. एवढ्या खाली दुसरी ०+ असणं म्हणजे त्याच केंद्रकात दुसऱ्या आकाराची अवस्था शेजारीच नांदते आहे, याची खूण.

टेल्युरियम-१३४ मध्ये चित्र अगदी उलट. २+ आहे १२७९ वर, ४+ १५७६ वर, ६+ १६९१ वर. गुणोत्तर १.२३. अवस्थांमधली अंतरं बघा: १२७९, मग २९७, मग ११५. वर जावं तशी ती आकसत जातात. फिरणाऱ्या केंद्रकात ती वाढत जातात: झर्कोनियम-१०० मध्ये २१२, ३५२, ४९७. नुसत्या गॅमा लाइनची, म्हणजे स्पेक्ट्रममध्ये ठरावीक ऊर्जेला दिसणाऱ्या शिखरांची, यादी हाती आली तरी केंद्रक कोणत्या जातीचं आहे याचा अंदाज बांधता येतो, तो या क्रमावरून.

पायरी २: तुकडे कुठून येतात ते समजून घ्या

जड केंद्रकात प्रोटॉनच्या मानाने न्यूट्रॉन जास्त लागतात. युरेनियम-२३६ मध्ये १४४ न्यूट्रॉन आणि ९२ प्रोटॉन, गुणोत्तर १.५७. स्थिर झर्कोनियम-९० चं गुणोत्तर १.२५. जड केंद्रक फुटलं की तुकडे हे जादा न्यूट्रॉन घेऊनच बाहेर पडतात, म्हणून विखंडन हा न्यूट्रॉनबहुल केंद्रकांचा सर्वांत सोपा झरा आहे. तुकडे बाहेर पडतात तेच मुळी गरम आणि फिरत. आधी न्यूट्रॉन टाकून थंड होतात (मंद न्यूट्रॉनने युरेनियम-२३५ फुटलं तर सरासरी २.४), मग गॅमा किरण टाकत पायऱ्यापायऱ्यांनी तळ अवस्थेला येतात. आपल्याला टिपायचा आहे तो हा शेवटचा उतार.

याहून टोकाची केंद्रकं हवी असतील तर जपानमधलं रिकेन, जर्मनीतलं जीएसआय, अमेरिकेतलं एफआरआयबी अशा मोठ्या यंत्रणा लागतात. तिथे वेगवान जड आयनांचं विदारण करून दुर्मीळ तुकडे वेगळे काढतात. कॅल्शियम-५४ ची २०४३ केईव्हीवरची २+ रिकेनमध्येच सापडली आणि ३४ न्यूट्रॉनशी नवं कवच आहे याला आधार मिळाला. मॅग्नेशियम-३२ ची गोष्ट याच्या उलट: त्यात २० न्यूट्रॉन, आणि २० हा जादुई अंक असूनही त्याची २+ अवघ्या ८८५ केईव्हीवर, म्हणजे तिथे जादू उरलेलीच नाही. ही दोन उदाहरणं ध्यानात ठेवा, पण सुरुवात तिथून करू नका. तिथे केंद्रकं प्रकाशाच्या साधारण ०.६ पट वेगाने धावत असताना गॅमा टाकतात, आणि डॉप्लरची दुरुस्ती हाच मोठा उद्योग होऊन बसतो.

जाड लक्ष्यातल्या विखंडनात ती डोकेदुखी कमी असते. तुकडा काही पिकोसेकंदांत थांबतो. झर्कोनियम-१०० ची पहिली २+ सुमारे ०.६ नॅनोसेकंद जगते, त्यामुळे २१२.५ चा गॅमा निघतो तेव्हा केंद्रक स्थिर बसलेलं असतं आणि लाइन सुईसारखी बारीक येते. वरच्या, जास्त स्पिनच्या अवस्था मात्र थांबण्याआधीच विझतात आणि त्यांच्या लाइन पसरतात. स्पेक्ट्रममध्ये वरची एखादी लाइन हरवल्यासारखी वाटली तर हे कारण आधी तपासा.

पायरी ३: डिटेक्टरशी ओळख

भारतात या कामाचा मुख्य आधार म्हणजे क्लोव्हर डिटेक्टर. एकाच निर्वात कवचात अतिशुद्ध जर्मेनियमचे चार स्फटिक, चार पाकळ्यांसारखे. गॅमा एका स्फटिकात थोडी ऊर्जा टाकून शेजारच्यात गेला तर दोघांची बेरीज करायची, तिला अ‍ॅडबॅक म्हणतात. क्लोव्हरमधूनच निसटला तर भोवतीचं बीजीओचं (बिस्मथ जर्मेनेट या स्फटिकाचं) कवच त्याला पकडतं आणि ती नोंद बाद होते. असे चोवीसपर्यंत क्लोव्हर एकत्र बसवून इंडियन नॅशनल गॅमा अ‍ॅरे, सगळ्यांच्या तोंडी 'इंगा', उभा राहतो. तो मुंबईचं टीआयएफआर, दिल्लीचं आययूएसी आणि कोलकात्याचं व्हीईसीसी यांच्यात आळीपाळीने फिरतो.

शिफ्टवर पहिल्यांदा गेलात की तुमच्या वाट्याला बहुधा द्रव नायट्रोजन भरणं येईल. हे काम हलकं समजू नका. स्फटिक थंड नसताना त्यावर काही हजार व्होल्ट राहिले तर डिटेक्टर कायमचा बिघडू शकतो. भरण्याची वेळ वहीत लिहा, हातमोजे आणि चष्मा घाला, खोलीत हवा खेळती ठेवा, टीएलडी बॅज (अंगावर किती किरणोत्सार पडला ते नोंदणारा बिल्ला) विसरू नका.

पायरी ४: कॅलिब्रेशन

कॅलिब्रेशन म्हणजे माहीत असलेल्या लाइनवरून कोणता चॅनेल किती ऊर्जेचा ते ठरवणं. युरोपियम-१५२ चा सोर्स ठेवा. १२१.८, २४४.७, ३४४.३, ७७८.९, ९६४.१, १११२.१, १४०८.० या त्याच्या लाइन काही दिवसांत तोंडपाठ होतील. खालच्या ऊर्जेसाठी बेरियम-१३३ जोडीला घ्या: ८१.०, ३०२.९, ३५६.०. प्रत्येक स्फटिकाचं कॅलिब्रेशन वेगळं करायचं, क्लोव्हरचं एकत्र नव्हे. एक स्फटिक अर्धा केईव्ही जरी सरकलेला असेल तरी अ‍ॅडबॅक करताना पीक फुगतं, आणि मग शेजारच्या दोन लाइन एक होऊन जातात. कार्यक्षमतेचा (कोणत्या ऊर्जेचे किती गॅमा डिटेक्टर पकडतो याचा) आलेखही याच सोर्सवरून काढा. पुढे तीव्रतांची तुलना करताना त्याशिवाय एक पाऊलही टाकता येणार नाही.

रन चालू असताना तासातासाने ५११ केईव्हीची आणि १४६१ केईव्हीची लाइन कुठे आहे ते बघत राहा. पहिली पॉझिट्रॉनच्या विलयाची, दुसरी भिंतीतल्या पोटॅशियम-४० ची. दोघी फुकटच्या पहारेकरी आहेत. सरकल्या तर गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवला जातो तो आकडा, सरकला आहे.

पायरी ५: गेट लावा

एका विखंडनातून साधारण सात-आठ गॅमा निघतात आणि शंभराहून जास्त वेगवेगळी केंद्रकं तयार होतात. साधा स्पेक्ट्रम बघितलात तर लाइनवर लाइन चढलेली असते, त्यातून काहीही सिद्ध होत नाही. खरं काम सुरू होतं ते कोइन्सिडन्सने. दोन गॅमा एकाच वेळी आले असतील तरच नोंद घ्यायची आणि दोघांच्या ऊर्जा एका चौकोनी मॅट्रिक्सच्या दोन अक्षांवर टाकायच्या. ४०९६ गुणिले ४०९६ चॅनेलची, दर चॅनेल अर्धा केईव्ही अशी मॅट्रिक्स नवख्याला पुरते. विश्लेषणाला रॅडवेअर आणि रूट या दोन प्रणाली सगळीकडे चालतात, दोन्ही मोफत.

आता टेल्युरियम-१३४ ची १२७९.१ केईव्हीची लाइन घ्या. ती चॅनेल २५५८ वर येईल. तिच्या दोन्ही बाजूंचे चार चॅनेल धरून गेट लावा, म्हणजे त्या ऊर्जेच्या गॅमाबरोबर आलेले गॅमाच तेवढे निवडा. पीकच्या शेजारचा सपाट भाग निवडून पार्श्वभूमीचा गेटही लावा आणि वजा करा. ही वजाबाकी आळस करून टाळली तर खोट्या लाइन खऱ्या वाटायला लागतात.

उरलेल्या स्पेक्ट्रममध्ये आधी २९७ आणि ११५ दिसल्या पाहिजेत, कारण त्या त्याच केंद्रकातल्या. मग २१२ आणि ३५२. या टेल्युरियमच्या नाहीत, झर्कोनियम-१०० च्या आहेत! एकाच फुटीतून जन्मलेले दोन तुकडे एकमेकांची ओळख पटवतात. मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणी वाटते ती हीच गोष्ट. १२२३ ची लाइनही शोधा. ती झर्कोनियम-९८ ची, म्हणजे त्या फुटीत चार न्यूट्रॉन सुटले. १५२ ची, झर्कोनियम-१०२ ची, जवळपास नसेलच, कारण तिथे एकही न्यूट्रॉन सुटलेला नसावा लागतो. या तीव्रता कार्यक्षमतेने दुरुस्त करून मांडल्या की न्यूट्रॉनच्या संख्येचं वाटप हाती येतं.

उलट गेटही लावाच. २१२ आणि ३५२ या दोन्हींवर वेगवेगळे गेट लावून बघा: १२७९ दिसली पाहिजे, शिवाय टेल्युरियम-१३२ ची ९७४. एकाच बाजूने जुळलेली गोष्ट अर्धीच जुळलेली असते.

पायरी ६: २९७ ची गल्लत

इथे नवखे हमखास अडकतात, म्हणून थोडं थांबू. २९७ वर गेट लावलात तर ११५ आणि १२७९ तर दिसतीलच, पण ४४७ चीही एक दणकट लाइन दिसेल. टेल्युरियम-१३४ मध्ये नवी अवस्था सापडली असं वाटून मन हरखतं. पण मॉलिब्डेनम-१०२ ची पहिली २+ आहे २९६.६ वर आणि तिच्यावर येणारा गॅमा आहे ४४७ चा. ०.४ केईव्हीचा फरक जर्मेनियमलाही वेगळा करता येत नाही. तुमच्या गेटमध्ये दोन केंद्रकं एकदम शिरलेली असतात.

सुटका कशी करायची? ४४७ वर गेट लावा. त्यात १२७९ दिसत नसेल तर ती टेल्युरियमची नाही. मग जोडीदार तपासा: मॉलिब्डेनममध्ये ४२ प्रोटॉन, म्हणून त्याचा जोडीदार ५० प्रोटॉनचा टिन. तिहेरी कोइन्सिडन्सचा डेटा पुरेसा असेल तर २९७ आणि १२७९ असा दुहेरी गेट लावला की प्रश्नच मिटतो. ऊर्जा जुळली एवढ्यावर लाइन स्कीममध्ये बसवायची नाही, हा नियम मी कितीही घाई असली तरी मोडू देत नाही.

५९६ आणि ६९१ केईव्हीला उजवीकडे शेपटी असलेली रुंद पीक दिसली तर ती कुठल्याही तुकड्याची नाहीत. न्यूट्रॉन खुद्द डिटेक्टरच्या जर्मेनियमवर आदळल्याने ती उठतात.

पायरी ७: घड्याळाकडे बघा

टेल्युरियम-१३४ ची ६+ अवस्था आयसोमर, म्हणजे नेहमीपेक्षा बराच वेळ टिकणारी उत्तेजित अवस्था आहे, अर्धायुष्य १६४ नॅनोसेकंद. ती एवढी का रेंगाळते? या प्रकारच्या संक्रमणाचा वेग ऊर्जेच्या पाचव्या घातावर अवलंबून असतो. १२७९ च्या तुलनेत ११५ केईव्हीचा गॅमा नुसत्या ऊर्जेमुळेच सुमारे १ लाख ७० हजार पट मंद पडतो.

याचा परिणाम थेट तुमच्या मॅट्रिक्सवर होतो. झर्कोनियमचे गॅमा फुटीबरोबर लगेच येतात, पण टेल्युरियमचा १२७९ आयसोमरमधून आला तर उशिरा येतो. कोइन्सिडन्सची खिडकी १०० नॅनोसेकंद ठेवली तर आयसोमरमधून येणाऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश सापडतील. ५०० ठेवली तर ८८ टक्के, पण मग योगायोगाने जुळलेल्या खोट्या जोड्याही वाढतात. म्हणून दोन मॅट्रिक्स बनवा: एक तत्काळ आलेल्या जोड्यांची, दुसरी एक गॅमा आधी आणि एक उशिरा अशी. दुसरीत ज्या लाइन उशिराच्या अक्षावर ठळक दिसतील त्यांच्यामागे आयसोमर किंवा बीटा क्षय आहे. ६+ च्या वरच्या अवस्था शोधायच्या तर हाच मार्ग: ११५-२९७-१२७९ वर उशिराचा गेट लावायचा आणि त्याच्या आधी काय आलं ते बघायचं.

११५ ची तीव्रता मोजताना एक लक्षात ठेवा. एवढ्या कमी ऊर्जेत बरेचसे क्षय गॅमाऐवजी इलेक्ट्रॉन बाहेर टाकून होतात. ती दुरुस्ती केली नाही तर ११५ उगाच अशक्त दिसते आणि तुम्ही तिला चुकीच्या जागी नेऊन ठेवता.

पायरी ८: स्पिन आणि पॅरिटी

ऊर्जा आणि क्रम ठरला तरी स्पिन ठरत नाही. त्यासाठी दोन गॅमांमधल्या कोनानुसार जोड्यांची संख्या कशी बदलते ते मोजतात. ४+ → २+ → ० + अशा साखळीचा नमुना ठरलेला असतो, आधी माहीत असलेल्या साखळीवर तो पडताळून घ्या. पॅरिटीसाठी क्लोव्हर स्वतःच ध्रुवणमापक होतो: गॅमा शेजारच्या स्फटिकात आडवा विखुरला की उभा, हे मोजायचं. दोन्हींना भरपूर डेटा लागतो. नसेल तर स्पिन कंसात लिहा. डेटाबेसमध्ये कंसातले हजारो स्पिन आहेत, त्यात कमीपणा काही नाही.

पायरी ९: सिद्धांताशी ताडून पाहणं

टेल्युरियम-१३४ म्हणजे ५० प्रोटॉन, ८२ न्यूट्रॉनच्या दुहेरी जादुई टिन-१३२ वर दोन प्रोटॉन. टिन-१३२ ची २+ तब्बल ४०४१ केईव्हीवर आहे, इतकं ते ताठ. म्हणून बाहेरच्या दोन प्रोटॉनचाच विचार पुरतो. दोघं ७/२ स्पिनच्या कक्षेत असतील तर पाउलीच्या तत्त्वाने एकूण स्पिन ०, २, ४, ६ एवढेच येतात. ६ वर साखळी का संपते आणि तिथेच आयसोमर का बसतो, याचं उत्तर एका पानाच्या हिशेबात मिळतं. तो हिशेब हाताने करा, मगच केशेल किंवा नूशेलएक्ससारखी प्रणाली चालवा.

झर्कोनियम-१०० साठी असा छोटा हिशेब चालत नाही. तिथे प्रोटॉन ९/२ स्पिनच्या वरच्या कक्षेत चढतात, ते ७/२ स्पिनच्या कक्षेतल्या न्यूट्रॉनना ओढून घेतात, ते आणखी प्रोटॉन वर ओढतात, आणि सगळं केंद्रक लांबट होतं. २०१६ मध्ये टोकियोच्या गटाने माँटे कार्लो शेल मॉडेलने ही अचानक उडी गणितात उतरवून दाखवली.

डेटा कुठून मिळवायचा

ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीवर क्लोव्हर लावून युरेनियम-२३५ च्या तुकड्यांचे गॅमा मोजले गेले होते. सायरस २०१० च्या अखेरीस बंद झाली. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या आयएलएल अणुभट्टीवर २०१२-१३ मध्ये 'एक्सिल' ही मोठी मोहीम झाली आणि आता तिथे 'फिप्स' हा कायमचा क्लोव्हर संच आहे. नव्या विद्यार्थ्याने बीमटाइमची (यंत्रावर प्रयोगासाठी मिळणाऱ्या वेळेची) वाट बघत बसू नये. अशा मोहिमांचा डेटा प्रचंड असतो आणि बराचसा नीट चाळलेला नसतो. तुमच्या गाइडमार्फत एखाद्या गटाकडे जुन्या रनचा एक भाग मागा. अणुऊर्जा विभागाचा न्यूक्लिअर फिजिक्स सिंपोझियम दर वर्षी डिसेंबरच्या सुमारास भरतो. त्यातले दोन-दोन पानांचे निबंध चाळलेत की कोण कुठल्या केंद्रकावर काम करतंय ते कळतं, आणि तिथल्या पोस्टरसमोर उभं राहून विचारलेल्या प्रश्नाला लोक मनापासून उत्तर देतात.

डेटा हाती आला की दुसरी जोडी स्वतः घ्या: स्ट्रॉन्शियम-९४ आणि झेनॉन-१४०. ३८ + ५४ = ९२, ९४ + १४० + २ = २३६. स्ट्रॉन्शियमच्या ८३७ वर गेट लावा, झेनॉनच्या ३७७ आणि ४५८ दिसल्या पाहिजेत. झेनॉन-१४० चं गुणोत्तर २.२१ येतं, म्हणजे ते धड गोल नाही आणि धड फिरतंही नाही. झेनॉन-१३६ पासून दोन-दोन न्यूट्रॉन वाढवत त्याचाही आलेख काढा, आणि तो झर्कोनियमसारखा एकदम कोसळतो की हळूहळू उतरतो ते वहीत लिहून गाइडला दाखवा.